वरच्या भागातल्या म्हाताऱ्या

आमच्या सांख्यिकी शाखेत तिला सगळे आकडेताई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. राग यायचा तो दशांश चिन्ह चुकवणाऱ्याचा. तिच्या शेजारच्या टेबलावर मी सोळा वर्षं टाईप करत बसलो. ती आकडा सांगणार, मी ठोकणार. माझा स्वभाव तापट. साहेबापासून पंख्यापर्यंत सगळ्यांशी माझं वाजायचं, पण तिच्याशी एकदाही वाजलं नाही. म्हणून तिच्याबद्दल मीच लिहायला हवं, आणि लिहिताना स्वतःला वगळून चालणार नाही.

आमच्या हद्दीचे दोन भाग होते. वरचा म्हणजे डोंगरातली गावं, खालचा म्हणजे हे शहर आणि भोवतालच्या वस्त्या. मृत्यूच्या नोंदी खालच्या मजल्यावरच्या खिडकीत व्हायच्या आणि अर्जांचे गठ्ठे आमच्याकडे वर यायचे. पासष्टच्या पुढच्या बायका हा तिचा तक्ता. दर हजारी किती गेल्या, कोणत्या भागातल्या गेल्या, आणि दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी की जास्त. "आपण मेलेल्यांवर जगतो बघ," ती म्हणायची आणि डबा उघडायची.

तिची आई वरच्या भागात एकटी राहायची. वय अठ्ठ्याहत्तर, हृदय अशक्त, जीभ मात्र ठणठणीत. तिला खाली आणायचे सगळे प्रयत्न करून झाले होते. "तुमच्या घरात खिडकी उघडली की समोरच्यांचं न्हाणीघर दिसतं," असं म्हणून ती परत जायची. गावात दवाखाना होता आणि रोज एक डॉक्टर बसायचा, म्हणून आकडेताई निर्धास्त होती.

त्या वर्षी तीस वर्षांची तुलना करायची होती. वरच्या भागाचा आकडा आधी एकसष्ट, मग बावन्न, आता अडतीस. खालच्या भागाचा एकोणपन्नास, एक्कावन्न, पंचावन्न. डोंगरातल्या म्हाताऱ्या मरायच्या थांबल्या होत्या आणि शहरातल्या पटापट जात होत्या. तक्ता करताना ती दोनदा अडली होती. "हे उलटं वाटत नाही तुला?" तिनं मला विचारलं. मी म्हणालो, "वरची हवा चांगली आहे. बेरीज बरोबर आहे ना? मग झालं." बेरीज बरोबरच होती. तक्त्याखाली तिनं सही केली, तपासणारा म्हणून मी केली.

साहेब खूश झाले. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, डोंगर त्यानं फक्त भिंतीवरच्या नकाशात पाहिलेला. आमच्या तक्त्यावर बोट ठेवून त्यानं वरती शिफारस पाठवली: वरच्या भागात गरज कमी झाली आहे, तिथले डॉक्टर खालच्या भागाला द्यावेत. तीन महिन्यांत आदेश निघाला. गावातला दवाखाना आठवड्यातून दोनच दिवस उघडा राहू लागला, मंगळवारी आणि शुक्रवारी.

आकडेताई साहेबांकडे गेली, आईचं सांगितलं. साहेब म्हणाले, "ताई, तक्ता तुमचाच आहे ना?" ती टेबलावर परत आली. आईला फोन केला, तर आई हसली. "तुझ्या कागदावर मी अमर झाले वाटतं. बरं आहे, आता मंगळवार बघून आजारी पडत जाईन."

पडली ती बुधवारी. सकाळी श्वास अडकला. शेजाऱ्यानं गाडी मिळवून तिला खाली आणेपर्यंत दुपार झाली. आकडेताईच्या घरी, तिच्याच पलंगावर, दोन दिवसांनी म्हातारी गेली. वेळेवर औषध मिळतं तर निभावलं असतं, असं शहरातला डॉक्टर म्हणाला. डॉक्टरांनी अशा गोष्टी सांगू नयेत असं माझं मत आहे.

आठवड्यानं ती नोंद करायला खिडकीवर गेली. मी सोबत होतो. खिडकीत एक पोक्त बाई बसायची. हात झरझर चालणारी, मान वर न करणारी. अर्जात दोन रकाने असतात. एक मृत्यूचं ठिकाण, दुसरा मृत व्यक्तीचं नेहमीचं राहण्याचं ठिकाण. आमचा सगळा तक्ता ह्या दुसऱ्या रकान्यावर उभा. त्या बाईनं आकडेताईला तिचा पत्ता विचारला आणि न थांबता तो दोन्ही रकान्यांत लिहून टाकला.

"अहो, आई इथं राहत नव्हती," आकडेताई म्हणाली. "ती वरच्या गावची."

बाईनं पहिल्यांदा मान वर केली. "पण ताई, आम्हाला तुम्हीच शिकवलंत ना? अर्ज घेऊन येईल त्याचा पत्ता दोन्हीकडे टाकायचा. माणूस रडत उभा असतो, चार प्रश्न कशाला विचारायचे, रांगही लवकर सरते. आम्ही सगळे तसंच करतो."

खरं होतं ते. आमच्या शाखेत येण्याआधी आठ वर्षं ती स्वतः त्या खिडकीत होती. रडणाऱ्या माणसांना छळू नये म्हणून तिनंच ही रीत पाडली होती. मनानं चांगली बाई, तिनं चांगुलपणानंच केलं. पण डोंगरातली म्हातारी आजारी पडली की लेक तिला खाली आणते, ती लेकीच्या घरी मरते, अर्ज लेक आणते. मेली वरची, मोजली खालची. आपलेच दात, आपलेच ओठ. ती खिडकीचा कठडा धरून उभी राहिली आणि मागची माणसं ओरडायला लागली.

त्यानंतर अकरा दिवस ती दफ्तरखान्यात बसली. प्रत्येक अर्जाच्या मागे शेवटच्या उपचाराचा कागद टाचलेला असतो. खालच्या भागात मोजलेल्या, पण वरच्या दवाखान्याचा कागद टाचलेल्या म्हाताऱ्या तिनं एकेक करून वेगळ्या काढल्या. एका वर्षात एकशे सात निघाल्या. त्या वरच्या भागात टाकल्यावर अडतीसचे चौसष्ट झाले, आणि खालचे पंचावन्न उतरून त्रेचाळीसवर आले. म्हणजे तीस वर्षांत शहरातल्या म्हाताऱ्यांचं बरं झालं होतं आणि डोंगरातल्यांचं काहीच झालं नव्हतं. तिचे डोळे कोरडे होते. तिनं आकडे सांगितले, मी नवा तक्ता ठोकला.

साहेबांनी नवा तक्ता पाहिला. "बरोबर असेल," ते म्हणाले, "पण बैल गेला अन् झोपा केला. डॉक्टर आता खाली रुजू झाले, अहवाल छापून गेला." ती म्हणाली, "साहेब, बैल एकच नाही गेला. अजून जाताहेत. दवाखाना पुन्हा रोज उघडा ठेवा." साहेबांनी बघतो म्हटलं.

तिनं स्वतःहून बदली मागितली आणि पुन्हा खालच्या खिडकीत जाऊन बसली. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "त्या कुठं राहायच्या? त्यांचं स्वतःचं घर कुठं?" रांग दारापर्यंत जायची. लोक शिव्या द्यायचे, तिच्या तोंडावर कागद फेकायचे. ती दुसऱ्यांदा विचारायची.

वर्षअखेरीला तक्ता माझ्याकडे आला. वरचा भाग, सहासष्ट. साहेबांनी मला आत बोलावलं. अडतीसवरून एकदम सहासष्ट दिसलं तर चौकशी लागेल, मग सगळं बाहेर येईल, असं त्यांचं म्हणणं. तक्त्याखाली एक ओळ घालायची त्यांनी ठरवली होती: नोंद घेण्याची पद्धत बदलल्यामुळे या वर्षाचे आकडे मागील वर्षांशी तुलना करण्यायोग्य नाहीत. त्या एका ओळीनं दवाखाना आठवड्यातून दोनच दिवस उघडा राहणार होता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

पंख्याशी भांडणारा मी, तिथं तोंडातून शब्द काढला नाही. निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

तिची आई त्याच सहासष्टात होती. ती ओळ मीच टाईप केली, एकही चूक न करता.