वर्षालीच्या मागची सीट

अकोटच्या भाजीबाजारात सकाळी साडेपाचला एक मोटरसायकल येते. दोन्ही बाजूंना वांग्यांचे कॅरेट, मागं कोथिंबिरीचं पोतं, आणि मधे कुठंतरी चालवणारा माणूस असेल असा अंदाज. तो माणूस म्हणजे वर्षाली. वय बेचाळीस, डोक्याला ओढणी करकचून बांधलेली, आणि आवाज असा की तिनं नुसतं "थांबा!" म्हटलं तरी चालू लिलाव थबकतो. बाजारात सगळे तिला वयनी म्हणतात आणि तिच्या मालाच्या मापात खोट करायची हिंमत कोणी करत नाही.

सोळा वर्षांपूर्वी तिचा नवरा देवानंद टायफॉइडनं पडला आणि तोडलेली फुलकोबी घरात सडायला लागली. तेव्हा हिनं गाडी काढली. शेताच्या धुऱ्यावर दोनदा पडली, तिसऱ्यांदा थेट बाजारात पोचली. देवानंद बरा झाला, पण बाजार काही त्याच्याकडं परत गेला नाही. त्याला भाव करायची लाज वाटायची, हिला न करायची. तेव्हापासून वावर त्याचं, बाजार हिचा, आणि झकास चाललं होतं.

फक्त एक गोष्ट होती. दोघांनी मिळून कुठं जायचं असलं की वर्षाली हँडल सोडायची. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, देवानंद पुढं आणि ती मागं. कोणी तसं सांगितलं नव्हतं हं! तिचं तिलाच वाटायचं, घरच्या माणसाला मागं बसवून चारचौघांत कसं जायचं? मागं भाजी बसलेली चालते, नवरा चालत नाही, असं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं.

बरं, आता जर्मनीचं. मुलगी दामिनी दोन वर्षांपूर्वी तिकडं नर्सिंग शिकायला गेली. तिनं जूनमध्ये आईबापाला बोलावलं आणि रेल्वेनं फिरवते म्हणाली. देवानंद फोनवर म्हणाला, "रेल्वे त अकोल्यालेही हाय. आमी फटफटीनं फिरू."

एरवी हा माणूस अकोल्याला जायचं तरी दोन दिवस विचार करतो! पण मोबाइलवर तिकडच्या रस्त्यांचे व्हिडिओ पाहून पाहून त्याला पार वेड लागलं होतं. त्यानं शंभर पानी वही केली. गाडी कुठून भाड्यानं घ्यायची, मुक्काम कुठं, कोणत्या घाटात किती वळणं, सगळं त्यात लिहिलं. ब्लॅक फॉरेस्ट म्हणजे केक नाही, खरोखरचं जंगल आहे, हे कळलं तेव्हा त्यानं ते गावभर सांगितलं. तिकडं गाड्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून वावराच्या पांदणीवर तो आठ दिवस उजव्या बाजूनं गाडी चालवत होता. समोरून येणारे म्हातारे पुंजाजी बैलबंडीसकट नालीत जाता जाता वाचले.

"अबे, हे काय करून राह्यला?" पुंजाजी ओरडले.

"सराव!" देवानंद मोठ्या आनंदानं म्हणाला.

फेब्रुवारीत दोघं परवान्यासाठी अकोल्याला गेले. आधी जठारपेठेत जाकिटं पाहिली, भाव ऐकला, आणि आधी परवाना मग खरेदी असं ठरवून आरटीओत आले. "तुहाही आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठिवू," देवानंद उदार होऊन म्हणाला. "माही पाठ दुखली त पाच-धा मिनटं तू धरजो."

खिडकीवर सीमा नावाच्या मॅडम होत्या. त्यांनी देवानंदचं कार्ड पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, यावर ट्रॅक्टर आहे, कार आहे. मोटरसायकल कुठं आहे?"

देवानंदनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. नव्हतीच. सत्तावीस वर्षांपूर्वी ट्रॅक्टरसाठी परवाना काढला तेव्हा मोटरसायकलचं पुढच्या खेपेला बघू, असं तो म्हणाला होता. ती पुढची खेप काही आली नाही. गडी सत्तावीस वर्षं बिनधास्त गाडी चालवत राहिला आणि कार्ड पाकिटात झोपून राहिलं.

"आता काढतो ना, मॅडम."

"काढा की. आधी शिकाऊ, मग महिन्यानं चाचणी."

महिन्याचं काही नव्हतं हो. पण त्याच्याच वहीत, त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं की गाडी भाड्यानं पाहिजे तर परवाना किमान दोन वर्षं जुना पाहिजे. सीमा मॅडमनी वर्षालीचं कार्ड हातात घेतलं. गिअरची मोटरसायकल, चौदा वर्षं झालेली. "ताई, तुमचं होऊन जाते," त्या म्हणाल्या.

वर्षालीला आधी हसू आलं आणि लगेच नवऱ्याचं तोंड पाहून तिनं ते ओढणीत लपवलं. पण खोटं कशाला सांगा, तिला आनंदही झाला. भरपूर झाला.

घरी आल्यावर देवानंदनं वही कपाटावर टाकली. "दामिनीले सांग, रेल्वेनं फिरू," एवढं बोलून तो जो वावरात गेला, तो दोन दिवस जेवणापुरता घरी. तिसऱ्या दिवशी वांगी तोडता तोडता वर्षालीनं तोंड उघडलं.

"आयका. मी फटफटीनंच जाऊन राह्यली. मांगची सीट रिकामी हाय. याचं असन त या. पन तोंड पाडून बसाचं असन त येऊच नका."

"लोक हासतीन वं."

"जर्मनीत?"

"तिथं नाई. तिथं बसतो मी मांगं. पन इथं नोको."

"वा! अन् तिथं पयल्याच वळनावर पाडसान मले!"

तिचं खरं होतं. देवानंद जन्मात कधी कोणाच्या मागं बसला नव्हता. त्याच संध्याकाळी तिनं त्याला मागं बसवून खळ्यात फेऱ्या मारल्या. ती डावीकडं झुकली की हा उजवीकडं. वळण आलं की हा पाय खाली सोडायचा, आणि नसलेला ब्रेक असा दाबायचा की गाडी डुलायची. तिसऱ्या फेरीला दोघंही मेथीच्या वाफ्यात. मेथीची वाट लागली, पण देवानंद तीन दिवसांत पहिल्यांदा हसला.

"बापा! मांगं बसनंही शिका लागते का?"

"मंग! मले तेवीस वर्सांपासून येते."

खळ्यातली वळणं जर्मनीला पुरणार नव्हती, खरा घाट पाहिजे होता. म्हणजे चिखलदरा. आणि चिखलदऱ्याचा रस्ता जातो अचलपूरवरून, जिथं देवानंदची मोठी बहीण कौशल्याआक्का राहते. तिला न भेटता पुढं जाणं शक्यच नाही. देवानंद पोलिसाला भीत नाही एवढा आक्काला भितो.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी निघाले. गावातून जाताना चहाच्या टपरीवरच्या नितेशनं शिट्टी मारली, तेव्हा देवानंद आभाळात ढग शोधत बसला. अंजनगाव मागं पडलं. आता तो वळणावर तिच्यासोबत छान झुकत होता, तिला पाठीला कळत होतं. तिला वाटलं, चला, जमलं. अचलपूर जवळ आलं तशी त्याची चुळबुळ सुरू झाली.

"आक्काच्या घराअलीकडं थांब. मी समोर येतो."

"अन् परवाना?"

त्यानं लगेच दुसरी वाट काढली. "मंग आक्काले म्हनजो का माहा हात मुरगळला."

वर्षालीला असा राग आला की काय सांगावं! सोळा वर्षं ही बाई पहाटे उठून थंडीवाऱ्यात, चिखलात गाडी हाकते आहे, आणि तिच्या मागं बसायला नवऱ्याचा हात मोडलेला असावा लागतो? जर्मनी गेली खड्ड्यात. त्यानं एकदा, फक्त एकदा, आपल्या माणसांसमोर हात धड असताना मागं बसावं, एवढंच तिला पाहिजे होतं. पण हे मागून मिळणारं नव्हतं आणि ती मागणारही नव्हती. तिनं गाडी सरळ आक्काच्या दारात नेऊन उभी केली.

आक्का अंगणात कुरड्या वाळत घालत होती. पुढं वर्षाली आणि मागं भाऊ पाहून ती पिठाच्या हातानंच उठली.

"काहून रे देवा? हात मोडला का तुहा?"

घ्या! आक्कानं बहाणा आयताच हातात दिला. नुसतं "हो" म्हणायचं होतं. वर्षाली गाडी धरून तशीच बसून राहिली, मागं वळून पाहिलं नाही. देवानंद उतरला. त्यानं हेल्मेट काढलं, घाम पुसला.

"नाई, आक्का. हात चांगले हायेत. वर्षाली माह्यापेक्षा चांगली चालवते. आदीपासूनच. जर्मनीतही थेच चालवनार हाय."

वर्षालीच्या डोळ्यांना टचकन पाणी आलं. हेल्मेटची काच खाली होती म्हणून बरं.

आक्कानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "मंग तेवीस वर्सं हिले मांगं काहून बसोलं?"

देवानंद मान खाली घालून म्हणाला, "चुकलं, आक्का."

आता मात्र वर्षालीला राहवेना. तिनं काच वर केली. "त्याईनं नाई बसोलं, आक्का. मीच बसत होती."

"मंग तूही येडीच," आक्का म्हणाली, आणि दोघांसाठी पाणी आणायला आत गेली.