बाबांच्या पायाचे फोटो

फोन निवडायला मी अकरा दिवस घेतले. एवढा अभ्यास करून मी आयुष्यात दुसरी कुठलीच वस्तू घेतलेली नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोहोचलेली मी पहिली. कुठलीही गोष्ट आधी नीट वाचायची, समजून घ्यायची आणि मगच करायची, हे शिक्षणाने मला दिलं असं मी मानत आले. त्यासाठी आईबाबांचे उपकार मानत आले. फोनही मी तसाच घेतला.

तो माझ्यासाठी नव्हता. बाबांच्या पायाचे फोटो काढायला हवा होता.

बाबा देवासला मराठी घरांतून स्वयंपाक करायचे. त्यांचे आजोबा दरबारच्या मुदपाकखान्यात आचारी होते. दरबार गेला, मुदपाकखाना गेला, पण मुंजी, बोडणं आणि श्राद्धं राहिली, आणि त्यांच्यावर आमचं घर चाललं. माझी फीसुद्धा त्यातूनच भरली गेली. मी हिंदी शाळेत शिकले. मराठी वाचायला मला बाबांनीच शिकवलं, दुपारी हात धुऊन बसले की पंचांगातल्या अक्षरांवरून.

पितृपक्षात त्यांना एकेका दिवशी दोन-दोन घरं असत. सोवळ्यातला स्वयंपाक म्हणजे पायात काही घालायचं नाही. त्या वर्षी एका घरी मागच्या अंगणात चुलीवर वडे तळताना त्यांचा पाय निखाऱ्यावर पडला. त्यांना कळलंच नाही. शुगरमुळे पायातली जाणीव कधीच गेली होती. त्या घरच्या बाई म्हणाल्या, "महाराज, काहीतरी जळतंय." बाबांनी कढईत पाहिलं.

जखम करंगळीखाली, तळव्याच्या कडेला होती. इंदूरच्या डॉक्टरांकडे आम्ही तीन आठवडे खेपा घातल्या. मी पीथमपुरात औषधाच्या कारखान्यात नोकरी करते आणि धारला खोली घेऊन राहते. धारहून शिफ्टच्या बसने कामावर, सुट्टी घेतली की देवास, तिथून बाबांना घेऊन इंदूर, आणि परत. शेवटी डॉक्टरांनाच दया आली असावी. ते म्हणाले, पट्टी आईने घरी केली तरी चालेल, रोज सकाळी एक फोटो मोबाइलवर पाठवा. कड काळी पडली किंवा लाली वर चढली तर मात्र त्याच दिवशी या. घरी एक जुना फोन होता. त्यातल्या फोटोत पाय आहे की बटाटा आहे, ते सांगता येत नव्हतं.

म्हणून नवा फोन. स्वस्त, पण कॅमेरा चांगला.

मी वहीत रकाने आखले. जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ बघायचे आणि टिपून ठेवायचे. कारखान्यात माझं काम गोळ्या तपासायचं. पांढऱ्या उजेडाखाली ताटलीत गोळ्या पसरायच्या आणि डाग, तुटकी कड, रंगातला फरक शोधायचा. माझ्या शेजारच्या टेबलावरची, माझ्याच वयाची मुलगी माझी वही बघून म्हणाली, "फोन देख रही है कि दूल्हा? इतने में तो लड़का पसंद हो जाता है."

"लड़के में कैमरा नहीं होता," मी म्हणाले. आम्ही दोघी हसलो. तेव्हा हसण्यासारखं होतं.

अकराव्या दिवशी धारच्या बाजारातल्या एका दुकानात गेले. मालक पन्नाशीचा, बोलका. मी वही उघडली तर म्हणाला, "दीदी, ये कॉपी बंद करो. कैमरा कागज पे नहीं दिखता." त्याने मला दाराशी उजेडात उभं केलं आणि एकाच किमतीच्या दोन फोनवर माझे दोन फोटो काढले.

पहिल्यात मी होते तशी होते. डोळ्यांखाली काळं, हनुवटीवर पुळी, शिफ्टने थकलेला रंग. दुसऱ्यात पुळी नव्हती. चेहरा उजळ, एकसारखा, मागच्या भिंतीवरचे पोपडेसुद्धा कमी झालेले. कॉलेजच्या निरोपसमारंभात आम्ही सगळ्या जशा दिसत होतो तशी मी दिसत होते.

"भिया, ये पहला वाला कैसा है?" मी विचारलं.

"जैसा है वैसा दिखाता है," तो म्हणाला. "इसीलिए पड़ा है. कोई नहीं लेता."

मी दुसरा घेतला. हे मला इथे सरळ लिहायचं आहे, कारण बाकी कोणाला मी ते सांगितलेलं नाही. मी पायासाठी गेले होते आणि ठरवलं चेहऱ्यावरून.

रविवारी देवासला जाऊन आईला शिकवलं. तिने पदराला हात पुसूनच फोन घेतला. दोन-चार वेळा बोटच भिंगावर आलं, मग जमलं. जमल्यावर तिने फोटोची एक रीतच ठरवून टाकली. जखम धुवायची. पाय गुडघ्यापर्यंत ओल्या फडक्याने पुसून कोरडा करायचा. पाटावर धुतलेलं पांढरं पंच्याचं कापड दुहेरी घालायचं, त्यावर पाय ठेवायचा, आणि पाट ओसरीवर कोवळ्या उन्हात सरकवायचा.

"अगं, पाय आहे तो, नैवेद्य नाही," बाबा म्हणाले.

"असू दे. एवढे मोठे डॉक्टर. त्यांच्यापुढे घाणेरडं ठेवायचं का?"

बाबांना ते पटलं. आमच्या घरात ते पटण्यासारखंच आहे. ताट आतून बाहेर जाताना त्याची कड पुसायची, सांडलेला थेंब दिसू द्यायचा नाही, हे त्यांच्या चार पिढ्यांनी केलं होतं. तेच मग म्हणाले, "बरं, मग त्या घोट्याकडच्या बाजूने नको घेऊस. तिकडची कातडी फार वाईट दिसते." आईने माझ्याकडे पाहिलं. मी पाट थोडा फिरवून दिला आणि म्हटलं, असाच ठेवत जा.

त्यानंतर रोज सकाळी फोटो येऊ लागला, डॉक्टरांना आणि मला. मी बसमध्ये असायची. पांढऱ्या कापडावर उन्हातला पाय, त्यावर गुलाबीसर, स्वच्छ जखम. डॉक्टरांकडून अंगठ्याची खूण यायची. आईला त्या अंगठ्याचा फार अभिमान. फोनवर सांगायची, "आजही डॉक्टरांनी शाबासकी दिली."

फोटो इतके चांगले येत होते की मी रविवारी जाणं कमी केलं. एकदा ओव्हरटाइम होता म्हणून, एकदा अंगात कणकण होती म्हणून. तिसऱ्या वेळी कारणसुद्धा नव्हतं. जाऊन काय पाहायचं होतं, जे रोज दिसत नव्हतं?

एका संध्याकाळी आई म्हणाली, "ह्यांचं अंग तापतं गं जरासं."

"हवा बदलली आहे, आई. फोटो तर छान आलाय आजचा."

"आणि वास येतो थोडा."

"मलमाचा असेल. डॉक्टर बघतायत ना रोज."

"हो, तेही खरंच," ती म्हणाली. शिकलेल्या मुलीने सांगितलं की आमच्या घरात ते खरंच असतं.

दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी मी पुन्हा गेले. वास मला फाटकाशीच आला. बाबा खाटेवर बसून मूग निवडत होते. मला बघून त्यांना आनंद झाला. मी खाली बसले आणि पाय हातात घेतला. करंगळी काळी होती. जखमेची कड काळी होती आणि घोट्याकडच्या बाजूने, जी आम्ही कधी फोटोत घेतली नव्हती, लाली पोटरीपर्यंत चढली होती. मी त्याच सकाळचा फोटो उघडला आणि फोन पायाशेजारी धरला. फोटोतली करंगळी सावळी दिसत होती, उन्हात उभ्या माणसाची असते तशी.

"काय बघतेस?" आईने विचारलं.

"काही नाही. रिक्षा बोलव."

इंदूरला डॉक्टरांनी पट्टी सोडली. मग आपला फोन काढून फोटो पाहिला. "ये आज सुबह का है?" मी मान हलवली. त्यांनी फोन खिशात ठेवला. तिसऱ्या दिवशी गुडघ्याखालून पाय काढला. शस्त्रक्रियेनंतर मी त्यांना बाहेर गाठून विचारलं की आठ दिवस आधी आणलं असतं तर पाय वाचला असता का. ते म्हणाले, "अब ये मत सोचो, बेटा." नाही म्हणायला त्यांना किती सोपं होतं. ते नाही म्हणाले नाहीत.

त्या दुपारी दवाखान्याच्या बाकावर बसून मी आईकडच्या नव्या फोनच्या कॅमेऱ्यातली एकेक खूण दाबून पाहिली. एका कोपऱ्यात चांदण्यांसारखं लहानसं चित्र होतं. त्याच्या आत त्वचा गुळगुळीत करणं, रंग उजळणं, डाग घालवणं, सगळं पहिल्या दिवसापासून चालू होतं. बंद करायला एक बोट पुरलं. मग मी माझ्याच हाताचा फोटो काढला. कारखान्यातल्या जंतुनाशकाने फुटलेली कातडी, नखाशेजारचं सालपट, सगळं आलं. ज्या मुलीने अकरा दिवस रकाने भरले, तिला ही खूण दिसली नव्हती. खरं म्हणजे दिसली असेल, तिचा अर्थ काढावासा वाटला नव्हता.

फोनमुळेच पाय गेला असं मी म्हणू शकत नाही. ते खरंही नसेल. पुसलेला पाय होता, कोवळं ऊन होतं, मी फिरवून दिलेला पाट होता, मी न गेलेले तीन रविवार होते. शुगर तर होतीच. पण दिवसभर पांढऱ्या उजेडात मी गोळीवरचा टाचणीच्या टोकाएवढा डाग शोधते, आणि महिनाभर रोज बापाचा पाय बघून मी छान आहे म्हणत होते. देवाने मला शिकवलं कशाला, असा विचार पहिल्यांदा मनात आला. माझ्या शिक्षणाबद्दल मी कधी असं बोलेन असं वाटलं नव्हतं.

बाबा घरी आले. त्यांनी कोणाला दोष दिला नाही. एकदाच म्हणाले, "आता सोवळ्याचा प्रश्नच मिटला," आणि कोणी हसलं नाही म्हणून स्वतःच थोडं हसले. माघात ज्या मुंजी ठरल्या होत्या त्या घरांनी दुसरा आचारी पाहिला. सांगायला आलेल्यांना बाबांनी चहा पाजला, आणि पुरणाला डाळ कुठल्या दुकानातून घ्यावी तेही सांगितलं. ते गेल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपले.

टाके सुकेपर्यंत डॉक्टरांनी पुन्हा रोज फोटो मागितला. आईने पुन्हा पाट मांडला. मी या वेळी सांगितलं, पुसू नकोस, कापड नको, चारही बाजूंनी घे. तिने ऐकलं, पण कापड काही सोडलं नाही.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. मी बसमध्येच होते.

"फोन बिघडला का गं?"

"का?"

"पहिल्यासारखे फोटो येत नाहीत. इतके छान यायचे. आता बघ कसं लालभडक, भयंकर दिसतंय. तू दुकानात दाखवून आण ना."

"बिघडला नाही, आई."

"नक्की?"

"नक्की."

तिला सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तो पाट, ते ऊन, डॉक्टरांची ती शाबासकी, सगळं मला तिच्या हातातून काढून घ्यावं लागलं असतं.

"मग माझाच हात हलत असेल," ती म्हणाली.

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन फोटो आले, एकाच बाजूचे, एकाच जागेवरून काढलेले. खाली तिने लिहिलं होतं, यांतला कुठला बरा ते बघ आणि डॉक्टरांना तूच पाठव. मी तिन्ही मोठे करून पाहिले. तिन्ही सारखेच होते. मी तिन्ही पाठवले.