वलणीवरचा ओला लंगोट

पोट पाचव्या महिन्यात असताना माणूस काहीही कबूल करतं. मीही केलं. कल्याणला राहणाऱ्या माझ्या मोठ्या नणंदेला, वन्संना, लग्नाला बारा वर्षं होऊनही मूल नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, या खेपेला जे होईल ते तिच्या ओटीत घालू. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी थापत होते, पहिली मुलगी अंगणात खेळत होती. मी "बरं" म्हणाले. कुणी माझा हात पिरगळला नव्हता, म्हणून तर राग काढायला आजही मला माझ्याशिवाय कुणी सापडत नाही.

दुसरीही मुलगी झाली, ऐन भातलावणीत. माझ्या आईने सापगावहून आपली दोन जुनी लुगडी लंगोटांसाठी मुरबाडकडे आमच्या गावी धाडली. नवं कापड तान्ह्या अंगाला बोचतं. आई ती लुगडी नेसून किती पावसाळे चिखलात उभी राहिली होती, तेव्हा कुठे ती इतकी मऊ झाली होती. मी त्यांचे तिकोनी तुकडे केले, नाड्या शिवल्या. बारसं वन्संच करणार होत्या, त्यामुळे पोरीला नाव नव्हतं. मी तिला नुसतं बाय म्हणायचे.

बाय लंगोटावर लंगोट भिजवायची आणि पावसात एकही सुकायचा नाही. पडवीत कपडे वाळवायला आडवी काठी बांधलेली, तिला आम्ही वलण म्हणतो. तिच्यावर लंगोटांची रांग कायम ठिबकत असे. फारच नड आली तर निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून तिच्यावर एखादा वाळवायचा. मग त्याला धुराचा वास लागे, आणि बायच्या पोटालाही. जीव लावायचा नाही असं मी ठरवलं होतं, पण त्या पोटाचा वास घेतल्याशिवाय माझा दिवस जात नव्हता.

श्रावण लागला तरी पाऊस हटेना. वन्सं दुधाच्या पावडरीचा डबा आणि बाटली घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं. सकाळी सासूबाईंनी वलणीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आज नाय जमायचं. लंगोटं वली ठेवून पोर उंबऱ्याभायेर काढायची नाय. मागं खेचतात ती पोराला."

वन्संनी जाणं पुढे ढकललं. मी ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

दुपारी सगळे जेवायला बसले की मी पडवीत जायचे. सुकत आलेले एक-दोन लंगोट हंड्यात बुडवायचे, पिळायचे, परत वलणीवर. असे मी चार दिवस काढले. वन्सं हसून म्हणायच्या, "वयनी, कालचं पण वलंच गो?" मी म्हणायचे, "पाऊस बघताय ना." त्या बायला मांडीवर घेऊन लंगोट बांधायला शिकत. त्यांची गाठ सैल बसे, नाडी सुटून जाई. मला त्यांचा इतका राग यायचा, आणि तरी गाठ कशी मारायची ते मीच त्यांना दाखवत होते.

पाचव्या दिवशी सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. माझ्या हातातला लंगोट घेऊन त्यांनी हुंगला.

"ह्याला नुस्तं पानी हाय गो. सुकलेलं परत भिजवतेस."

मी त्यांचे पाय धरले. "आई, नका देऊ तिला."

"शबूद दिलाय आपण," त्या म्हणाल्या.

त्यांनी निखारे काढले, टोपली पालथी घातली आणि एकेक लंगोट स्वतः वाळवला. सगळा वेळ त्यांची पाठ माझ्याकडे होती. दुपारच्या एसटीने वन्सं बायला आणि लंगोटांचं गाठोडं घेऊन गेल्या. संध्याकाळपर्यंत माझी चोळी दुधाने भिजून गच्च झाली. ती कुणी टोपलीवर वाळवली नाही.

पौषात म्हसा गावच्या जत्रेला वन्सं बायला घेऊन आल्या. तिला आता नाव होतं आणि दुकानातला डायपर होता. मी हात पुढे केले तशी तिने वन्संच्या खांद्यात तोंड खुपसलं. "जा ना, मामी आहे ती," वन्सं म्हणाल्या. जाताना त्यांनी माझ्या हातात ते गाठोडं दिलं. "राहू दे तुमच्याकडे. तिकडं लागत नाय. आणि किती धुतलं तरी धुराचा वास जात नाय बघा."

दुसऱ्या दिवशी मी त्यातला एक लंगोट पाण्यात बुडवला आणि वलणीवर टाकला. थंडीचं कोरडं ऊन, दुपारपर्यंत तो खडखडीत वाळला. मग मी रोज सकाळी तेच करू लागले. सासूबाई ते पाहायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या.

एके दिवशी मी पहाटेच वाल उपटायला शेतावर गेले आणि लंगोट भिजवायचा राहून गेला. दिवसभर मला ते खात होतं. दिवेलागणीला घरी आले तर सासूबाई पडवीत वाल निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. वलणीवर लंगोट होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं.