वादळाच्या पांढऱ्या रेघा

भीती वाटली की मी चिडते. त्या आठवड्यात मी आईवर उगाच खेकसत होते.

धाकटी बहीण पार दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रात, सर्वेक्षणाच्या जहाजावर होती. देवमासे तिथे चरायला येतात. त्यांचं खाणं म्हणजे क्रिल, झिंग्यासारखे इवलेसे जीव. जहाजाच्या बुडाचं यंत्र पाण्यात आवाज सोडतं, तो क्रिलच्या थव्यावर आपटून परत येतो आणि पडद्यावर रंगीत डाग उमटतो. तिथून फायली यायच्या, मी इथे जैनथला घरी बसून त्या साफ करायची आणि थव्यांचा नकाशा भरायची. "एवढ्या शिकल्या अन् दोघी किडे मोजून राह्यल्या," असं आई शेजारणींना कौतुकानंच सांगायची.

त्या दिवशीच्या फायलीत थवे नव्हतेच. वरपासून खालपर्यंत नुसत्या पांढऱ्या रेघा. लाटांनी जहाज आपटलं की बुडाखाली बुडबुडे शिरतात, आवाज खाली पोचतच नाही. त्याच्या या रेघा. त्या दाट होत गेल्या आणि फाईल मधेच तुटली. बहिणीचा मेसेजही येईना. ऑफिसला फोन केला तर म्हणाले, वादळ मोठं आहे, संपर्क होत नाही.

"काय दिसून राह्यलं वं?" तुरीच्या शेंगा सोलता सोलता आईनं विचारलं.

"काही नाही!" मी ओरडले. तिला कळायचं ते कळलं. शेंगा बाजूला सारून ती दारात जाऊन बसली.

मग एक नवी फाईल आली. फायली यंत्र आपोआपही पाठवतं, म्हणून मला धीर आला नाही. पण तीत पांढऱ्या रेघा नव्हत्या, म्हणजे जहाज शांत पाण्यात उभं होतं. यंत्र तपासायला कुणीतरी हातानं दोरीला बांधून धातूची गोळी खाली सोडली होती, तिची रेघ पडद्यावर सरळ चालली होती. एकाएकी ती उचकली. लगेच पुन्हा उचकली, आणि परत सरळ झाली.

विहिरीवर बादली बुडेना झाली की धाकटी दोराला असेच लागोपाठ दोन झटके द्यायची. दोर तुटेल म्हणून आई तिला किती बोलायची.

मी आईला ती रेघ दाखवली. तिनं पडद्यावर बोट टेकवलं. "थो तिचाच हात हाय," म्हणाली आणि रडायला लागली.

थवे मोजायचे तर वादळाच्या रेघा पुसून टाकाव्या लागतात. धाकटीचा आवाज फोनवर ऐकेपर्यंत मी त्यांना हात लावला नाही.