इलियट साहेबांचं गोत्र

नळाला पाणी आलं होतं. मी हंडे भरत होते, एकीकडे कुकरची शिट्टी मोजत होते, आणि आमचे हे न्हाणीच्या आरशापुढे दाढी करायची सोडून स्वतःचे डोळे बघत उभे होते. घारे डोळे. म्हणाले, "हे डोळे इथले नाहीत." मी म्हणाले, "हात तर इथले आहेत ना? मग तो हंडा उचला."

अशा किती सकाळी गेल्या. पण ह्यांचा विश्वास हलला नाही. सासरे लहानपणीच गाव सोडून परभणीला आले, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागले. गावाकडे आपल्या घराला 'इलायत्याचे' म्हणतात आणि बांधावर इलायत्याची समाधी आहे, एवढंच त्यांनी सांगितलेलं. विलायतेला आमच्याकडे इलायत म्हणतात. त्यावरून ह्यांनी ठरवलं की पणजोबा गोरा साहेब. शाळा माझी चौथीपर्यंतच, पण वाचनालयातलं मिळेल ते वाचते. एका पुस्तकात मला इलियट हे इंग्रजी आडनाव सापडलं आणि मीच म्हणाले, "अहो, इलायत्या म्हणजे इलियट तर नसेल?" त्या संध्याकाळी ह्यांनी माझ्यासाठी जिलेबी आणली. गावाला जाऊन साहेबाच्या समाधीवर फुलं वाहायचं दर दिवाळीला ठरायचं, आणि राहायचं.

आता हे नाहीत. वर्षश्राद्धाच्या आधी गुरुजींचा फोन आला. ह्यांच्या वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव लागेल म्हणाले. पहिली दोन सांगितली. मग तिसरं सांगितलं.

"काकू, इलियट साहेबांचं गोत्र काय लावायचं?"

"साहेबांना असतं का?"

"माहीत नसलं की काश्यप लावतात. पण नाव तरी पक्कं करा."

इलियट, गोत्र काश्यप. म्हटलं, जाऊन बघूनच येऊ. श्राद्धाच्या आदल्या दिवशी पहाटे निघाले. पिशवीत गुलाबाची फुलं, मेणबत्ती आणि बिस्किटं. साहेबाला नैवेद्य काय दाखवायचा ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

कुणाला जायचं असेल तर सांगते, परभणीहून जिंतूरला एसटी भरपूर आहेत आणि बायकांना अर्धं तिकीट. खिडकी डाव्या बाजूची धरा, सकाळचं ऊन लागत नाही. दोन्हीकडे कापूस फुटलेला होता. जिंतूरच्या स्टँडवर भजी गरम मिळाली, चहा मात्र नुसता पाक. तिथून दुसऱ्या गाडीने चारठाण्याची पाटी, म्हणजे फाटा. चारठाण्यात जुनी दगडी देवळं आहेत, एक उंच कोरीव खांब आहे. बघायला निवांत वेळ ठेवा. मी उभ्या उभ्याच हात जोडले आणि पुढे सासऱ्यांच्या गावासाठी रिक्षा केली.

"इलायत्याच्या घरी?" रिक्षावाला म्हणाला. "मंग असं म्हणा की! मेंढरं घ्यायला जायलाव का?"

"नाही. पूर्वज बघायला."

त्याने रिक्षा सुरू केली.

ज्ञानोबा म्हणजे माझे चुलत दीर. दारात आले. तेच डोळे. वर्षभरानंतर ते माझ्याकडे बघत होते, फक्त माणूस दुसरा होता.

मी कोण ते सांगितलं, हे गेल्याचंही सांगितलं. "वैनी, दादा गेल्याचं आमाला कळलंच न्हाई," ते म्हणाले. त्यांच्या बायकोने, कौसाबाईने, पाणी दिलं, मग भाकरी आणि ठेचा. जेवल्यावर मी समाधीचं विचारलं.

"हाय की बांधावर. पर एवढ्या उन्हात?"

तरी आम्ही तिघंही गेलो. लिंबाखाली शेंदूर फासलेला दगड होता. मी फुलं वाहिली, बिस्किटं ठेवली, मेणबत्ती लावली. ती वाऱ्याने विझली, पुन्हा लावली. डोळे मिटून म्हणाले, तुमचा पणतू गेला, त्याच्या वतीने आले आहे. मग ज्ञानोबांना विचारलं, "साहेब इथं कसे वारले?"

"कोन साहेब?"

"इलियट साहेब."

"वैनी, हा मेंढा हाय."

निजामाच्या राजवटीत कुणी गोरा अधिकारी चांगल्या लोकरीसाठी इलायती मेंढा घेऊन आला आणि ह्यांच्या पणजोबांच्या हवाली करून गेला, तो परत आलाच नाही. मेंढा मात्र राहिला. गावोगावचे लोक पैदाशीसाठी मेंढ्या घेऊन यायचे. घराला त्याचंच नाव पडलं. मेला तेव्हा पणजोबांनी त्याला पुरलं, दगड मांडला.

"हे बघा, त्याचाच वंश," म्हणून त्यांनी बांधालगत चरणाऱ्या कळपातल्या एका दांडग्या मेंढ्याला पुढे ओढलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि समाधीवरचे गुलाब खायला लागला. मी हाकलणार, तर ज्ञानोबा म्हणाले, "खाऊ द्या, घरचाच हाय."

कौसाबाई पदर तोंडात कोंबून हसायली होती.

"आणि डोळे?" मी विचारलं.

"डोळे पंजीचे. गंगाखेडची होती ती. तिकडं आजून निम्मी भावकी घारी हाय."

"मग पणजोबांचं नाव?"

"सटवाजी. मेंढ्याचं नाव समद्या गावाला पाठ, सटवाजीचं आमालाच."

परतीच्या गाडीत मला हसू आवरेना. शेजारची बाई सरकून बसली. जिंतूर सुटल्यावर रडू आलं, तेव्हा ती परत जवळ सरकली. आयुष्यभर हे ज्याच्या वंशाचे म्हणून ताठ चालले, तो शिंगवाला निघाला. आणि साहेबाचं नाव मी शोधून दिलेलं. हे कळल्यावर ते हसले असते की चार दिवस बोलले नसते, तेच मला ठरवता येईना. एवढा संसार केला, आणि एवढं साधं उत्तर आता विचारायची सोय नाही. घरी मुलगा आला होता. त्याला काही सांगितलं नाही, भात लावला.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पणजोबांचं नाव विचारलं. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, "सटवाजी."