एका घराला दहा गुण

सिविक सेंटरमधल्या त्या क्लासचे सर म्हणजे अकलेचा कांदा. माझी मुलगी अकरावीत त्यांच्याकडे गणिताला जायची. भिंतीवर प्रत्येक मुलानं स्वतः काढलेला आलेख लावलेला. आडव्या चाचण्या, उभे गुण. सर पहिल्या टिंबापासून शेवटच्या टिंबापर्यंत लाल दोरा ताणायचे, घरं मोजायचे आणि दर चाचणीला सरासरी किती गुण वाढले ते सगळ्यांसमोर जाहीर करायचे. पाचाच्या खाली गेलं की मूल वरच्या बॅचमधून बाहेर.

बाकीच्यांनी एका घराला एक गुण धरून कागदाला कागद चिकटवले होते. आमच्या लेकीनं एका घराला दहा धरले, बाजूला तसं नीट लिहिलंही. ते वाचायची तसदी कोण घेतो? पहिल्या चाचणीत तीस, पाचवीत सत्तर. सरांनी मोजलं, चार घरं पुढे, चार घरं वर, म्हणजे चाचणीमागे एक गुण. मुलगी खालच्या बॅचमध्ये.

ती रडत घरी आली. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी क्लासवर गेले.

"मैडम, ग्राफ झूठ नहीं बोलता," सर म्हणाले.

मी विचारलं, एकेकच गुण वाढला असता तर आज हिला चौतीस असते, मग हे सत्तर काय तुम्ही वाटले? सरांनी आलेखाकडे पाहिलं, दोऱ्याकडे पाहिलं. एका घराला किती गुण धरलेत ते शेवटी वाचलं. चूक झाली एवढं म्हणायला जीभ जड झाली असावी.

"चलिए, आप कह रही हैं तो रख लेते हैं."

म्हणजे उपकार! उथळ पाण्याला खळखळाट फार, आणि अख्खी टाउनशिप आपली पोरं तिथंच बुडवायला आणते.

तरी काम झालं म्हणून मी खुशीत होते. पोरगी स्कूटीवर मागे बसलेली. घराच्या वाटेवर मरोद्याजवळ आल्यावर बोलली.

"आई, वहीत मी पहिले चाचणीमागे दहाच काढलं होतं."

"मंग सांगितलं कावून नाही?"

"मले वाटलं, सर थोडी ना गलत होंगे. मंग मी दहा खोडून एक लिहिलं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या माणसापायी माझ्या पोरीनं आपलं बरोबर उत्तर स्वतःच्या हातानं खोडलं होतं. गेली ती वरची बॅच खड्ड्यात. मी तिथूनच स्कूटी वळवली आणि तिचं नाव काढून आणलं.