पायउतार

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत ‘पायउतार’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशातल्या अर्थाहून वेगळा होता. प्रवेशद्वाराजवळ एक अरुंद खोली होती. तिथल्या लांब बाकावर बसून माणसे आपला जुना पाय काढत आणि दुरुस्तीला देत. त्या खोलीलाही पायउतार म्हणत आणि त्या क्रियेलाही. ‘मंगळवारी पायउतार’ याचा अर्थ मंगळवार हा दुरुस्तीचा वार, एवढाच. त्यामुळे संचालकांच्या निवृत्तीची सूचना फळ्यावर लिहिताना कार्यालयातील टंकलेखकाने ‘शुक्रवारी मिस्त्री पायउतार. सर्वांनी यावे.’ असे जे लिहिले, ते भाषेच्या दृष्टीने निर्दोष असले तरी त्या इमारतीत धोक्याचे होते. ही गोष्ट त्या वेळी कोणाच्याच लक्षात आली नाही.

मिस्त्री म्हणजेच संचालक. पाय लाकडातून कोरले जात, त्या काळात ते सुतार म्हणून इथे लागले. पुढे लाकूड गेले, रबर आणि फायबर आले. ते पाय जोडून बसवणारे जोडारी झाले, मग कार्यशाळाप्रमुख, आणि अखेर संचालक. नाव मात्र मिस्त्रीच राहिले. त्यांच्या पत्नी सांगत, “लग्न मिस्त्रीशी केलं, संचालक वरकड मिळाला. पण घरचं दार तेव्हाही करकरायचं, आजही करकरतं.”

निवृत्तीच्या निमित्ताने संस्थेचा इतिहास संकलित करण्याचे काम माझ्याकडे आले होते. मिस्त्रींविषयीच्या आख्यायिका त्यामुळे आपोआप गोळा झाल्या. त्यांतली सर्वांत लाडकी आख्यायिका दारावरच्या पाटीची होती. संस्थेचे मूळ नाव ‘ख्रिस्ताश्रय’. एके काळी विश्वस्तांनी त्यातला ख्रिस्त काढून केवळ ‘आश्रय’ ठेवायचे ठरवले. रंगाऱ्याने नवी पाटी करण्याचा आळस केला आणि ‘ख्रिस्ता’वर पांढरा रंग फासला. उरले ‘श्रय’. मग त्याच्या अलीकडे एक काटकुळा ‘आ’ कोंबण्यात आला. कित्येक वर्षे ती पाटी डावीकडून रिकामी आणि उजवीकडे दाटलेली अशी लटकत होती, एखाद्याने बाकावर दुसऱ्यासाठी जागा धरून ठेवावी तशी. आख्यायिका म्हणते की एका सकाळी जुनी अक्षरे रंगातून आपोआप वर आली. विचारल्यावर मिस्त्री हसले. “आपोआप कसली? मी सँडपेपर मारला. दोन दिवस खांदा दुखत होता.”

ख्रिस्त काढण्याचा निर्णय दुष्टपणाने झाला नव्हता, हे नोंदवणे आवश्यक आहे. त्या बैठकीची कारणे वाचली तर ती समंजस वाटतात: इथे सर्व धर्मांची माणसे येतात, कोणालाही संकोच वाटू नये, मदतीमागे काही हेतू असल्याचा संशय कोणी घेऊ नये. त्यानुसार सकाळची प्रार्थना थांबली. आणि एक जुनी रीतही थांबली.

ती रीत अशी. नवा पाय तयार झाला की तो चढवण्यापूर्वी, ज्याने तो बनवला त्यानेच घंगाळात कोमट पाणी घेऊन समोरच्या माणसाचा उरलेला धड पाय धुवायचा. धुताना एकच वाक्य म्हणायचे: “येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, म्हणून आम्ही तुमचा धुतो; बदल्यात काही नको.” बैठकीनंतर या रीतीचे नाव ‘पूर्वस्वच्छता’ झाले. स्पिरिटचा बोळा घेऊन एक मदतनीस पाय पुसू लागला. वाक्य गेले. मिस्त्री तेव्हा जोडारी होते. त्यांनी विरोध केला नाही. “मला पटलंही होतं,” ते म्हणाले. “उगाच मागे जाऊन शहाणपण कशाला चिकटवू?”

पुढे संचालक झाल्यावरही त्यांनी काही वर्षे काहीच बदलले नाही. बदलाचे कारण ठरल्या मशीनवाल्या मावशी. या बाई पायाने चालवायच्या मशीनवर शिवणकाम करत. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. पहिला पाय घ्यायला आल्या तेव्हा, संचालक झाल्यावरही हात विसरू नये म्हणून स्वतः काम करणाऱ्या मिस्त्रींनीच तो त्यांना बसवून दिला. मावशींनी दोन पावले टाकली, परत बसल्या, आणि संशयाने विचारले, “आता सांगा. बदल्यात काय घेणार?”

“काही नाही.”

“काही नाही असं कधी नसतं. हे करायला तुम्हाला सांगतं कोण?”

नियमाप्रमाणे मिस्त्री म्हणाले, “संस्थेचं धोरण आहे, मावशी.”

मावशी मोकळेपणाने हसल्या. “अहो, धोरण कधी कोणाच्या पायाशी बसतं का? तुम्ही बसलात. तुमचा कोणीतरी आहे आणि तुम्ही त्याला लपवताय. लपवता म्हणूनच भीती वाटते.”

ज्या संशयाला घाबरून नाव पुसले, तो संशय नाव पुसल्यामुळेच आला होता. हे वाक्य माझे आहे. मिस्त्री एवढेच म्हणाले की त्या रात्री त्यांना जेवण गेले नाही.

पाटी घासली गेली ती त्यानंतर. प्रार्थना परतली, घंगाळ परतले, वाक्य परतले. सगळे गोड झाले असे नाही. एक विश्वस्त राजीनामा देऊन गेले. एक कुटुंब वाक्य ऐकून मुलाला कुबड्यांवरच परत घेऊन गेले, आणि पुन्हा आले नाही. मिस्त्रींना त्या मुलाच्या पायाचे माप अजून पाठ आहे. सर्वांत जास्त बिथरला तो पट्टेवाला. हा शिपाई नव्हे. पायाचे चामडी पट्टे शिवतो म्हणून पट्टेवाला. नव्या पाहुण्याने पाणी मागितले की तो सुई न थांबवता म्हणे, “मी बांधायचा पट्टेवाला. पळायचा दुसरा आहे.” तो ख्रिस्ती नव्हता आणि होणारही नव्हता.

“मला आता काय काय म्हणायला लावणार, ते एकदाच सांगा,” त्याने मिस्त्रींना विचारले होते.

“काही नाही. पट्टा नीट शिव.”

“तो शिवतोच.”

“मग झालं. ज्याला वाक्य आपलं वाटेल त्याने म्हणावं. नसेल त्याने मुकाट्याने पाय धुवावा.”

पट्टेवाला मुकाट्याने धुवू लागला. पाण्याचा ऊनपणा तो कोपराने तपासतो, लहान मुलाला न्हाऊ घालताना तपासतात तसा.

आता प्रश्न होता पुढचा. विश्वस्तांनी निवडलेल्या नव्या संचालिका स्वतः ख्रिस्ती होत्या, शिकलेल्या होत्या, कामाला वाघ होत्या. पहिल्या बैठकीसाठी त्यांनी जे विषय काढले होते, त्यांत एक होता: पाय धुण्याची पद्धत ऐच्छिक करणे आणि वाक्य वगळणे. कारणे पूर्वीचीच होती, शब्द नवे. मिस्त्रींना हे कळले होते. ते एक अवाक्षर बोलले नाहीत. पत्नीने डिवचले, “बोला ना. तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?” त्यावर ते म्हणाले, “खुर्ची सोडायची आणि दोरी हातात ठेवायची, हे मला जमणार नाही.” परंतु आपल्या सगळ्या वर्षांतून एवढी एकच गोष्ट मागे राहावी असे त्यांना वाटत होते, हे घरात कोणापासून लपलेले नव्हते.

शुक्रवारचा समारंभ मापांच्या खोलीत झाला. प्लास्टरचे टेबल भिंतीला सरकवून तिथे लाकडी फळ्यांचा ठेंगणा मंच केला होता. मागच्या मांडणीवर अर्धवट पाय ओळीने उभे होते; पट्टेवाल्याच्या मते सर्वांत शिस्तीचे श्रोते तेच. विश्वस्तांची भाषणे झाली. वाढलेली इमारत, नवी यंत्रे, दूरदूरची केंद्रे, सगळ्याचे श्रेय मिस्त्रींना देण्यात आले. मग मिस्त्री उठले. खिशातला कागद काढला आणि पुन्हा ठेवून दिला.

“इमारतीचं श्रेय मला दिलंत, ते गवंड्यांना द्या,” ते म्हणाले. “मला आभार मानायचेत ते दुसऱ्याच गोष्टीचे. मी इथे बराच काळ राहिलो, त्यातला मधला काळ असा होता की आपण कोणाचे हे सांगायची आपल्याला लाज वाटायची. आज वाटत नाही. जाताना हे बघायला मिळालं. हे मी केलं म्हणत नाही. मला तर एका बाईने—”

तेवढ्यात दार ढकलले गेले. जुन्या परकराच्या कापडात गुंडाळलेला पाय काखेत आणि कुबडी दुसऱ्या हातात, अशा मशीनवाल्या मावशी आत आल्या.

“पायउतार आज ना?” त्यांनी विचारले. “फळ्यावर वाचलं. तिकडे तर कोणीच नाही, सगळे इथे काय करताय?”

खोलीत हशा उसळला. टंकलेखकाने डोक्याला हात लावला. नव्या संचालिका पुढे होऊन नम्रपणे म्हणाल्या, “मावशी, आज मिस्त्री निवृत्त होतायत. काम बंद आहे. मंगळवारी याल का?”

“मंगळवारपर्यंत मशीन काय हाताने चालवू? आणि मिस्त्री उतरतायत ते उतरू देत की. माझा घोटा तुटलाय.”

मिस्त्री मंचावरून खाली उतरले. भाषण तिथेच संपले. ते पूर्ण झाल्याची नोंद कुठे नाही, कारण ते झालेच नाही. त्यांनी पाय उलगडला, घोट्याचे रबर दाबून पाहिले, आतली खोबण चाचपली. “दुरुस्तीच्या पलीकडे गेलाय. नवा करावा लागेल. माप घेऊ.”

“धुणार ना आधी?” मावशी बाकावर टेकत म्हणाल्या.

वास्तविक पाय धुतला जातो तो नवा पाय चढवताना. माप घेताना नव्हे. मिस्त्रींनी तसे सांगितलेही. मावशींनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. “नवा पाय कोण करणार? तुम्ही तर चाललात. मग तुमचं शेवटचं आजच आटपा.”

पट्टेवाला घंगाळ घेऊन आला. पाण्यात त्याने कोपर बुडवले, मान हलवली. मिस्त्री खाली बसू लागले, आणि अर्ध्यावरच अडकले. गुडघे वाकेनात. त्यांनी बाकाची कड धरली.

“दुसऱ्यांचे पाय करता करता स्वतःचे गंजवलेत,” पत्नी मागून म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र थट्टेचा नव्हता.

नव्या संचालिकांनी जवळची प्लास्टरची रिकामी बादली पालथी घातली आणि मिस्त्रींचा दंड धरून त्यांना तिच्यावर बसवले. मग, घंगाळ दूर पडते हे पाहून, स्वतः फरशीवर बसून ते धरले. मिस्त्रींनी मावशींचा उजवा पाय पाण्यात घेतला. टाच, घोटा, बोटांच्या सांदी, नेहमीच्या क्रमाने. धुऊन झाले. वाक्याची वेळ आली आणि त्यांना बोलता येईना.

मावशींनी पट्टेवाल्याकडे पाहिले. तो म्हणाला, “माझ्याकडे बघू नका. ते माझं नाही. ज्यांचं आहे त्यांनी म्हणावं.”

खोलीत घंगाळ धरून बसलेले एकच माणूस होते. नव्या संचालिकांनी सुरुवात केली. “संस्थेचं...” एवढेच म्हणाल्या आणि थांबल्या. मग मावशींकडे वर बघत विचारले, “मावशी, खरं सांगा. तुमचा देव वेगळा. आमच्या देवाचं नाव घेतलेलं तुम्हाला खटकत नाही?”

“माझा देव माझ्या घरी आहे, तुमचा तुमच्या. नाव सांगून पाहुणा आला की दार उघडता येतं. न सांगता आला तर कडी लावतात.” मावशींनी पाय किंचित वर घेतला. “पण लवकर म्हणा. पाणी गार होतंय.”

संचालिकांनी वाक्य म्हटले. सावकाश, शेवटच्या ‘बदल्यात काही नको’पर्यंत. मिस्त्रींनी टॉवेलने पाय पुसला आणि हलक्या आवाजात “आभारी आहे” म्हणाले. कोणाला उद्देशून, याबद्दल उपस्थितांमध्ये एकमत नाही. मावशींना वाटते त्यांना. संचालिकांना वाटते त्यांना. पत्नींचे मत असे की माणूस पालथ्या बादलीवर बसून खाली पाण्याकडे बघत बोलतो, तेव्हा तो वरच्याशीच बोलत असतो.

संचालिकांना मी नंतर विचारले. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. “मला सापळ्यात अडकवल्यासारखं वाटलं. रागही आला. ते वाक्य मी कागदावर कितीदा वाचलं होतं. खाली बसून वर बघत म्हणावं लागतं, हे कागदावर नव्हतं.” बैठकीच्या विषयपत्रिकेतील तो विषय त्यांनी स्वतःच काढून टाकला. कारण लिहिलेले नाही, आणि वरील उत्तराखेरीज दुसरे माझ्याकडे नाही.

मावशी नवा पाय न्यायला आल्या त्या दिवशी मिस्त्रीही आले होते. ते आत गेले नाहीत. पायउतारच्या बाकावर, दुरुस्तीला आलेल्या माणसांच्या रांगेत बसले. संचालिका दारात येऊन म्हणाल्या, “मिस्त्री, आत या ना.”

“नको. माझं इथे आता काय काम? जरा टेकलोय.”

मापांच्या खोलीचे दार अर्धवट उघडे होते. पाण्याचा आवाज आला, आणि मग ज्या जोडारणीने तो पाय बनवला होता तिच्या आवाजात ते वाक्य, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मिस्त्री मान खाली घालून ऐकत राहिले. नंतर भिंतीचा आधार घेत उठले.

पट्टेवाला सुई थांबवून म्हणाला, “झालं का समाधान?”

“पाणी गरम होतं का, तेवढं विचार,” मिस्त्री म्हणाले, आणि घरी गेले.